वाचकांचे प्रश्न : बॉम्बवर्षावाची आठवण तिसऱ्या पिढीपर्यंत कशी पोहोचते?

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. युद्धात ज्या शहरांवर आकाशातून बॉम्ब पडले, ती शहरे तो अनुभव पुढच्या पिढ्यांच्या हाती कसा सोपवतात, हा तो विषय. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांना थोडक्यात उत्तर देणे योग्य झाले नसते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बहल्ले स्वतः पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. तीही गेल्यावर आठवण उरेल, की पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद तेवढा उरेल?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. स्मृतीचा अभ्यास करणारे जर्मन विद्वान यान आणि आलायडा आसमान यांनी असे मांडले आहे की, माणसांच्या तोंडून कानी पडणारी आठवण ८० ते १०० वर्षे, म्हणजे साधारण तीन पिढ्या जिवंत राहते. त्यापुढे ती टिकायची तर तिला ग्रंथ, स्मारक, संग्रहालय किंवा दरवर्षीचा विधी असा बाहेरचा आधार लागतो. १९४५ पासून मोजले तर आपण आज नेमके त्या सांध्यावर आहोत. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या नोंदणीकृत व्यक्तींची संख्या मार्च २०२५ अखेर प्रथमच एक लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६ वर्षांच्या पुढे गेले. म्हणजे आज हयात असलेल्यांपैकी बहुतेक जण तेव्हा लहान मुले होती.

हिरोशिमाच्या महापालिकेने हे वेळीच ओळखले आणि २०१२ साली एक योजना सुरू केली. हल्ला स्वतः न पाहिलेले स्वयंसेवक वाचलेल्या एखाद्या व्यक्तीकडे शिकायला बसतात, तिचा अनुभव पुन्हा पुन्हा ऐकतात, प्रश्न विचारतात, मग स्वतःचे निवेदन लिहून काढतात आणि ते तपासून घेतल्यानंतरच श्रोत्यांपुढे उभे राहतात. या तयारीला दोन-तीन वर्षे लागतात. २०२२ पासून स्वतःच्या आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा अनुभव सांगू इच्छिणाऱ्यांसाठीही अशीच सोय झाली आहे. या योजनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची शिस्त. निवेदक दुसऱ्याचा अनुभव स्वतःचा म्हणून सांगत नाही; अमुक व्यक्तीने मला हे असे सांगितले, एवढाच त्याचा अधिकार असतो आणि तो ती मर्यादा पाळतो. तिसऱ्या पिढीने आठवण सांभाळायची ती याच प्रामाणिकपणाने, असे माझे मत आहे.

त्याच शहरातल्या मोतोमाची विद्यालयातले कलाशाखेचे विद्यार्थी २००७ पासून वाचलेल्या व्यक्तींबरोबर बसून त्यांच्या आठवणींची तैलचित्रे काढतात. एका चित्राला अनेक महिने लागतात. जळालेल्या कातडीचा रंग, धुराची दिशा, रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या हातांची ठेवण या गोष्टी वृद्ध व्यक्ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेते आणि सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी तेवढे महिने त्या एका क्षणासमोर बसून राहतो. आपण शिक्षिका आहात म्हणून हे उदाहरण मुद्दाम देत आहे. परिच्छेद पाठ करणे आणि एका माणसाचा एक क्षण नेमका समजून घेणे यांत किती अंतर आहे, हे आपल्याला सांगायला नको.

घरातली वाट मात्र इतकी सरळ नसते. हॅम्बर्गमध्ये जुलै १९४३ च्या हवाई हल्ल्यांत आगीचे प्रचंड वादळ उठले आणि ३४ हजारांहून अधिक माणसे मेली. तेथील मनोविश्लेषक आणि इतिहासकारांनी एकत्र येऊन त्या आगीतून वाचलेल्यांच्या, त्यांच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या मुलाखती घेतल्या, त्या याचसाठी की अशा घरांत सांगितले काय गेले आणि न सांगताच पोहोचले काय, हे समजावे. लंडनच्या बेथनल ग्रीन स्थानकाचे उदाहरणही विचार करायला लावणारे आहे. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला, लोक भुयारी स्थानकाकडे निघाले, जवळच्या बागेतून नव्या विमानवेधी अग्निबाणांचा अनोळखी आवाज झाला आणि अंधाऱ्या, ओल्या जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत १७३ जण गुदमरून मेले. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. शत्रूच्या हाती प्रचाराचे साधन लागू नये म्हणून सरकारने चौकशीचा अहवाल बराच काळ दाबून ठेवला आणि वाचलेल्यांपैकी कित्येकांनी पुढेही त्याविषयी घरात तोंड उघडले नाही. जिन्याच्या आकाराचे पूर्ण स्मारक तिथे उभे राहिले ते २०१७ साली.

प्रश्न : काही शहरे बॉम्बने पडलेल्या इमारती तशाच ठेवतात, तर काही सर्व खुणा पुसून नवे बांधतात. यांपैकी योग्य काय?

उत्तर : याला एकच उत्तर नाही, परंतु एक गोष्ट निश्चित सांगता येते. जे अवशेष आज पवित्र वाटतात, ते टिकावेत असे सुरुवातीला सर्वांना वाटत होते, असे क्वचितच घडले आहे. हिरोशिमातील घुमटाची इमारत पाडून टाका, ती पाहवत नाही, असे म्हणणाऱ्यांत हल्ल्यातून वाचलेलीही माणसे होती. ल्युकेमियाने वारलेल्या एका तरुण मुलीची रोजनिशी वाचून शाळकरी मुलांनी इमारत वाचवण्यासाठी मोहीम चालवली, १९६६ साली नगरपरिषदेने जतनाचा ठराव केला, लोकवर्गणीतून दुरुस्ती झाली आणि १९९६ साली ती जागतिक वारसा ठरली. नागासाकीत उलट घडले. उराकामीच्या कॅथीड्रलचे भग्नावशेष १९५८ साली हलवण्यात आले आणि पुढच्या वर्षी त्याच जागी नवे चर्च उभे राहिले. भिंतीचा एक तुकडा स्फोटबिंदूजवळच्या उद्यानात नेऊन ठेवला आहे. तिथल्या श्रद्धावंतांना प्रार्थनेसाठी आपली जागा परत हवी होती आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. तरीही त्या शहराने काही गमावले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीने दोन्ही केले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन हल्ल्यात जळालेल्या कॅथीड्रलच्या भिंती तशाच ठेवून त्यांना लागून बेसिल स्पेन्स यांनी नवी वास्तू रचली आणि १९६२ साली ती खुली झाली. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श या चर्चचा ढिगारा पूर्व जर्मनीच्या काळात तसाच पडून होता, पुढे १९९४ पासून २००५ पर्यंत ते चर्च पुन्हा बांधले गेले आणि ढिगाऱ्यातले जुने काळे दगड नव्या फिकट दगडांमध्ये जागोजाग बसवले गेले. घुमटावरचा क्रूस लंडनमध्ये घडवला गेला. तो घडवणाऱ्या सोनाराचे वडील ड्रेस्डेनवर गेलेल्या ब्रिटिश वैमानिकांपैकी एक होते.

मला स्वतःला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमची रीत फार समजूतदार वाटते. १४ मे १९४० च्या जर्मन हल्ल्यात आणि त्यानंतरच्या आगीत शहराचा गाभा नष्ट झाला, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले आणि शहराने तो भाग जुन्यासारखा न बांधता संपूर्ण नव्याने बांधला. अवशेष जवळजवळ नाहीतच. तेव्हा आग जिथवर पोहोचली होती, ती सीमारेषा शहराने पुढे पदपथात दिवे बसवून आखली. रोजच्या कामाला निघालेला माणूस ती रेषा ओलांडतो आणि रेषेच्या एका बाजूला जुनी, तर दुसऱ्या बाजूला केवळ युद्धोत्तर घरे का आहेत, हे त्याला कोणी न सांगता कळते.

प्रश्न : मी बांधकाम क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. जर्मनीत अजूनही पायासाठी खणताना न फुटलेले बॉम्ब सापडतात, असे वाचले. ८० वर्षांनंतरही ते धोकादायक असतात का?

उत्तर : असतात, आणि काही बाबतींत पूर्वीपेक्षा अधिक. टाकलेल्या बॉम्बपैकी दहातला एक तरी फुटला नसावा, असा साधारण अंदाज आहे. त्यांतले सर्वांत घातक म्हणजे विलंबाने फुटणारे रासायनिक स्फोटयंत्र असलेले बॉम्ब. त्यात काचेच्या कुपीतला अ‍ॅसिटोन सांडून सेल्युलॉइडच्या चकत्या हळूहळू विरघळाव्यात आणि काही तासांनी, मदतकार्य सुरू असताना, स्फोट व्हावा, अशी योजना असे. बर्लिनजवळच्या ओरानियेनबुर्गमध्ये असे असंख्य बॉम्ब मऊ जमिनीत शिरून टोक वर करून थांबले. अ‍ॅसिटोन उलट दिशेला साचला, चकत्या केवळ वाफेने, अत्यंत मंद गतीने झिजत राहिल्या आणि ती झीज आजही चालू आहे. ग्योटिंगेनमध्ये जून २०१० मध्ये अशाच एका बॉम्बच्या स्फोटात निकामीकरण पथकातले तिघे जण मृत्युमुखी पडले.

आपल्याला व्यवसायाच्या दृष्टीने रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे, बाँबहल्ल्यांनंतर मित्रराष्ट्रांच्या विमानांनी काढलेली छायाचित्रे आज जर्मन अधिकारी बांधकामापूर्वीच्या तपासणीसाठी वापरतात. स्फोटाने पडलेले मोठे खड्डे आणि न फुटता घुसलेल्या बॉम्बचे बारीक छिद्र यांतला फरक त्या छायाचित्रांतून शोधला जातो. फ्रँकफुर्टमध्ये सप्टेंबर २०१७ मध्ये एका ब्रिटिश बॉम्बसाठी ६० हजारांहून अधिक आणि कलोनमध्ये जून २०२५ मध्ये तीन अमेरिकन बॉम्बसाठी २० हजारांहून अधिक लोकांना काही तास घरे सोडावी लागली. ज्या तरुणांनी युद्ध केवळ पुस्तकात वाचले, त्यांना आजोबांच्या पिढीने कोणती वाट तुडवली याची शारीरिक जाणीव होते ती बहुधा अशा दिवशीच.

प्रश्न : टोकियोवरच्या एका रात्रीच्या हल्ल्यात सुमारे एक लाख माणसे मेली असे म्हणतात. मग हिरोशिमाइतकी त्याची आठवण जगाला का नाही?

उत्तर : १० मार्च १९४५ च्या पहाटेपूर्वी अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी टोकियोच्या दाट लाकडी वस्तीवर आगलावे बॉम्ब टाकले आणि मृतांची संख्या आपण म्हणता तेवढीच मानली जाते. तरीही त्या घटनेला राष्ट्राने मध्यवर्ती स्मारक दिले नाही. सापडलेल्या मृतांच्या अस्थी १९२३ च्या भूकंपातील मृतांसाठी बांधलेल्या वास्तूतच ठेवल्या गेल्या. महानगर शासनाने आखलेले शांतता संग्रहालय १९९९ साली थांबवले गेले आणि आज जे अभ्यासकेंद्र आहे ते नागरिकांनी स्वतः निधी उभारून २००२ साली सुरू केले. सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना १९५० च्या दशकापासून निवृत्तिवेतन मिळाले, हल्ल्यात होरपळलेल्या सामान्य नागरिकांना मिळाले नाही. त्यांनी दाखल केलेला दावा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला.

हिरोशिमात अस्त्रच अभूतपूर्व होते, किरणोत्साराचे आजार पुढे अनेक दशके चालू राहिले आणि अण्वस्त्रबंदीच्या मागणीमुळे ती स्मृती जगाच्या भविष्याशी जोडली गेली. वाचलेल्यांनी १९५६ साली स्थापन केलेल्या निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला, तो याच कार्यासाठी. टोकियोसारखी आग तर त्या काळी डझनावारी शहरांनी सोसली होती, आणि जे सर्वत्र घडते ते कुणाच्याच नावावर लागत नाही. मला हा अन्याय वाटतो. मरणाऱ्याला अस्त्र नवे की जुने, याने काय फरक पडतो?

प्रश्न : ड्रेस्डेनमध्ये दोन लाखांहून अधिक लोक मेल्याचे मी लहानपणी वाचले होते, अलीकडे २५ हजार हा आकडा दिसतो. खरा कोणता? आणि आकडा कमी करणे हा मृतांचा अपमान नाही का?

उत्तर : खरा आकडा २५ हजारांच्या आतला आहे. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ च्या ब्रिटिश आणि अमेरिकन हल्ल्यांनंतर तिथल्या पोलिसांनी जो अहवाल केला, त्यात सापडलेले मृत २० हजारांच्या थोडे वर होते आणि एकूण संख्या २५ हजारांपर्यंत जाईल असा अंदाज होता. पुढे याच आकड्यांना एकेक शून्य जोडलेली बनावट प्रत पसरली आणि नाझी प्रचारयंत्रणेने ती संख्या जगभर नेली. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारला हा हल्ला पाश्चात्त्य राष्ट्रांविरुद्धच्या प्रचारासाठी सोयीचा वाटला, आणि जर्मनी एक झाल्यावर नवनाझी गट दर फेब्रुवारीत फुगवलेला आकडा घेऊन रस्त्यावर उतरू लागले.

अखेरीस शहरानेच २००४ साली इतिहासकारांचा आयोग नेमला. आयोगाने दफनाच्या नोंदी, मृत्युनोंदणीची कागदपत्रे आणि निर्वासितांसंबंधीची माहिती एकमेकांशी पडताळली, तळघरांतल्या उत्खननाचे पुरावे पाहिले, आगीत हजारो देह काहीच न उरता नाहीसे होऊ शकले असतील का याचाही तपास केला आणि २०१० साली जास्तीत जास्त २५ हजार हा निष्कर्ष दिला. त्यात अपमान कुठेच नाही. फुगवलेल्या आकड्यातल्या बाकीच्या माणसांना नाव नाही, घर नाही, कारण ती कधी नव्हतीच. आणि त्यांच्या गर्दीत खरोखर मेलेल्या बाईचे, मुलाचे, निर्वासिताचे नाव शोधायची गरजच कोणाला वाटेनाशी होते.

स्पेनमधल्या गर्निकाच्या बाबतीत तर घटनाच नाकारली गेली. २६ एप्रिल १९३७ रोजी, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी ते बास्क गाव उद्ध्वस्त केले. यादवी युद्धात लढणाऱ्या आणि पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने मात्र माघार घेणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांनीच गाव जाळले असे जाहीर केले आणि हुकूमशाहीच्या सबंध काळात तीच अधिकृत कथा राहिली. स्वतःच्या डोळ्यांनी विमाने पाहिलेल्या माणसांना स्वतःच्या गावात ते उघडपणे बोलता येत नव्हते. हल्ल्याला ६० वर्षे झाली तेव्हा, १९९७ साली, जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्त्सोग यांनी वाचलेल्यांना पत्र लिहून जर्मन विमानांची जबाबदारी मान्य केली. तिथे मृतांची संख्याही सुरुवातीला १,६०० हून अधिक सांगितली गेली. आज बहुतेक इतिहासकार ती काही शेकड्यांत मानतात, आणि त्यामुळे गुन्हा तसूभरही लहान होत नाही.

प्रश्न : ज्या देशाने युद्ध सुरू केले, त्याच्या शहरांनी आपल्या मृतांसाठी शोक करणे योग्य आहे का?

उत्तर : शोक करण्याचा अधिकार प्रत्येक मृताच्या घरच्यांना आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. शहर म्हणून शोक करताना मात्र संपूर्ण गोष्ट सांगण्याची जबाबदारी येते. ड्रेस्डेनचेच उदाहरण घ्या. व्हिक्टर क्लेम्परर हे ज्यू प्राध्यापक तिथे राहत होते. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, शहरात उरलेल्या मोजक्या ज्यूंना तीन दिवसांनी हद्दपारीसाठी हजर राहण्याची सूचना घरोघर पोहोचवण्याचे काम त्यांच्यावर आले होते. त्याच रात्री हल्ला झाला. गोंधळात पत्नीने त्यांच्या कोटावरचा, ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा पिवळा तारा काढून टाकला आणि दोघे निसटले. ज्या आगीत हजारो निरपराध जळाले, तिच्यामुळेच काही माणसे वाचली. ही दोन्ही सत्ये एकाच शहराची आहेत आणि यांतले कोणतेही एक गाळले की उरलेले खोटे होते. २०१० पासून दरवर्षी १३ फेब्रुवारीला हजारो ड्रेस्डेनवासी हातात हात घालून जुन्या शहराभोवती साखळी करतात; त्यात मृतांचे स्मरणही आहे आणि त्या स्मरणाचा गैरवापर करणाऱ्यांना विरोधही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू फ्रान्समध्ये दिसते. ल आव्हर हे बंदर सप्टेंबर १९४४ मध्ये, जर्मन ताब्यातून मुक्त होण्याच्या अवघ्या काही दिवस आधी, ब्रिटिश विमानांनी उद्ध्वस्त केले आणि सुमारे २,००० नागरिक मेले. ज्याची वाट पाहिली त्याच मित्राच्या बॉम्बने घर पडले, तर त्या दुःखाला राष्ट्राच्या विजयोत्सवात जागा कुठली? कित्येक दशके ते दुःख गावापुरते राहिले. चीनमधल्या चोंगछिंगवर जपानने १९३८ पासून पाच वर्षे बॉम्ब टाकले, ५ जून १९४१ रोजी आश्रयाच्या भुयारात असंख्य लोक गुदमरून मेले. परंतु ते शहर पुढे कम्युनिस्टांकडून पराभूत झालेल्या पक्षाच्या सरकारची राजधानी असल्याने १९४९ नंतर त्याविषयी बोलणे गैरसोयीचे ठरले. आता तिथे दरवर्षी ५ जूनला भोंगे वाजतात. हिरोशिमातही कोरियन मृतांचे १९७० साली उभारलेले स्मारक शांती उद्यानाच्या बाहेर होते. ते आत आणायला १९९९ साल उजाडले.

प्रश्न : युद्धकाळात बॉम्बहल्ला अनुभवलेली एक वृद्ध व्यक्ती आमच्या परिचयात आहे. तिची आठवण नोंदवून ठेवायची असेल तर कशी?

उत्तर : लवकर, आणि तिच्या सवडीने. ती तयार नसेल तर आग्रह करू नका. हल्ल्यापासून सुरुवात न करता त्याआधीच्या घरापासून, शेजाऱ्यांपासून, शाळेपासून सुरुवात करा. कारण काय होते हे कळल्याशिवाय काय गेले हे कळत नाही. बोलणे चालू असताना तारीख किंवा विमानाचे नाव चुकले तर मध्येच दुरुस्त करू नका. ती पडताळणी नंतर करा आणि वेगळ्या कागदावर लिहा, म्हणजे तिचे शब्द तिचेच राहतील. ती ज्या भाषेत त्या वेळी जगत होती, त्याच भाषेत बोलू द्या.

वस्तू असेल तर तीही नोंदवा. बोस्नियातल्या सारायेव्होत २०१७ साली उघडलेले युद्धकालीन बालपणाचे संग्रहालय अशाच साध्या वस्तूंवर उभे आहे. एखादे खेळणे, एखादी वही, एखादा अंगरखा आणि सोबत त्या वस्तूच्या मालकाने स्वतः सांगितलेली चार ओळींची हकिगत, एवढेच तिथे असते. ती हकिगत नसेल तर वस्तू मुकी राहते. म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर ती कोणाची, कुठून आली, कोणी दिली आणि नोंद कोणत्या दिवशी केली, हे लिहा. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून घ्या, कारण ते चेहरे ओळखणारी ती कदाचित शेवटची व्यक्ती असेल. ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरच्यांना द्या, एक एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात ठेवा आणि ती कोणी, केव्हा ऐकावी याविषयी तिची इच्छा लेखी घ्या.